ज्वालेची साक्ष : रसार्णवांतील ज्वालावर्ण व धातूंची परीक्षा

१. विषयप्रवेश

रसार्णव हा तंत्रग्रंथ भैरव व देवी यांच्या संवादाच्या रूपानें रचिलेला आहे. त्याच्या चतुर्थ पटलांत यंत्रें, मुशी व अग्नि यांचें वर्णन चाललें असतां मध्येंच कांहीं श्लोक असे येतात कीं, त्यांजकडे रसायनशास्त्राच्या इतिहासकारांचें लक्ष वारंवार गेलेलें आहे. मुशींत घातलेला धातु वितळूं लागला म्हणजे त्याची ज्वाला अगर प्रभा कोणत्या रंगाची दिसते, हें भैरव तेथें देवीस सांगतो. सोन्याची पिवळी, रुप्याची पांढरी, तांब्याची निळी, कथलाची पारव्याच्या रंगाची, शिशाची मलिन धुरानें युक्त, लोखंडाची कपिल, सस्यकाची तांबडी, अशी ती मालिका आहे.

ग्रंथाचा काल सामान्यतः इसवी सनाचें १२ वें शतक मानितात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला भाग १९०२ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत या श्लोकांचा अर्थ देऊन त्यांचें महत्त्व दाखविलें. पुढें त्यांनीं व हरिश्चंद्र कविरत्न यांनीं मिळून संपादिलेला मूळ ग्रंथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत १९१० सालीं छापून निघाला. तेव्हांपासून या श्लोकांविषयीं दोन पक्ष ऐकूं येतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, युरोपांत १९ व्या शतकांत सिद्ध झालेली ज्वालापरीक्षा आमच्या पूर्वजांस सातशें वर्षें आधींच संपूर्ण अवगत होती. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हें सर्व तांत्रिकांचें कल्पनारंजन असून त्यांत तथ्यांश नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्ष उतावीळ आहेत. श्लोक वाचण्यापूर्वीं ज्वाला काय सांगूं शकते व काय सांगूं शकत नाहीं, याचा विचार कोणींच केलेला दिसत नाहीं.

हा विचार केवळ रसायनज्ञांनीं करावयाचा, असें समजण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या संग्रहीं रसग्रंथांच्या पोथ्या आहेत व ज्यांस पाठभेदांतून निवड करावी लागते, त्यांच्यावर याची जबाबदारी अधिक आहे. अर्थ नीट न कळतां पाठ ‘सुधारला’, तर मूळ ग्रंथकारानें डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट कायमची नाहींशी होते. असें एक स्थळ याच श्लोकांत आहे. तें पुढें दाखवूं. आधीं आजची ज्वालापरीक्षा कशी करितात तें पाहूं.

२. आधुनिक ज्वालापरीक्षेची रीत

काचेच्या कांडीच्या टोंकास प्लॅटिनमची बारीक तार बसवावी. ती तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लांत बुडवून बुन्सेनच्या दिव्याच्या निष्प्रभ ज्योतींत धरावी. ज्योतीस कांहींच रंग येईनासा होईपर्यंत हा क्रम पुनःपुन्हां करावा, म्हणजे तार शुद्ध झाली. नंतर ती पुन्हां आम्लांत ओली करून परीक्ष्य पदार्थाच्या चूर्णास टेंकवावी व ज्योतीच्या कडेस न्यावी. आम्लाचें प्रयोजन असें कीं, बहुतेक धातूंचे क्लोराइड क्षार सहज उडून जाणारे असतात, व वायुरूप झाल्यावांचून ज्योतीस रंग येत नाहीं.

जे रंग दिसतात ते येणेंप्रमाणें. सोडियम म्हणजे आपल्या मिठांतील धातु, त्याचा गडद पिवळा. पोटॅशियम, जो सोऱ्यांत व लाकडाच्या राखेंत असतो, त्याचा फिकट जांभळा. चुन्यांतील कॅल्शियमचा विटेसारखा तांबडा, स्ट्रॉन्शियमचा किरमिजी, बेरियमचा पोपटी. तांब्याचा हिरवा, परंतु क्लोराइड असल्यास निळा. शिशाचा फिकट निळसर. सोनें, रुपें, लोखंड व कथील यांचा मात्र ओळखतां येण्याजोगा स्वतःचा रंग या परीक्षेंत मिळत नाहीं. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. रसार्णवाच्या मालिकेंतील निम्म्याहून अधिक धातु आधुनिक ज्वालापरीक्षेच्या कक्षेबाहेरचे आहेत.

रंगाचें कारण थोडक्यांत असें. परमाणूच्या केंद्राभोंवतीं जे इलेक्ट्रॉन असतात ते उष्णतेनें वरच्या पायरीवर चढतात, व खालीं उतरतांना त्या दोन पायऱ्यांमधील अंतराइतकी शक्ति प्रकाशरूपानें बाहेर टाकतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्यांची ठेवण निराळी, म्हणून प्रकाशही निराळा. कांहीं धातूंच्या बाबतींत हा प्रकाश एकट्या परमाणूचा नसतो. धातु व त्याचा सोबती मिळून जो अणु होतो, त्याचा तो असतो. तांब्याची ज्वाला कधीं हिरवी व कधीं निळी कां, याचें उत्तर येथें आहे. क्लोरीनचा संबंध आला म्हणजे ती निळी होते. अर्थात् ज्वालेचा रंग पाहतांना धातूबरोबर काय होतें, हेंही विचारलें पाहिजे.

या परीक्षेचा इतिहास फार जुना नाहीं. जर्मनींत मार्गग्राफ यानें १७५८ च्या सुमारास सोड्याचे व पोटॅशचे क्षार त्यांच्या पिवळ्या व जांभळ्या ज्वालांवरून निराळे ओळखले. त्यानंतर शंभर वर्षांनीं हायडेलबर्ग येथें बुन्सेन व किर्खोफ यांनीं ज्वालेचा प्रकाश लोलकांतून नेऊन त्याचे पट्टे पाडिले. रंगावर भिस्त न ठेवतां रेषांचीं स्थानें मोजलीं. या रीतीनें त्यांस १८६० सालीं सीझियम व १८६१ सालीं रुबिडियम हे दोन नवे धातु सांपडले. दोहोंचीं नांवें लॅटिन भाषेंतील रंगवाचक शब्दांवरून ठेविलेलीं आहेत. पहिल्याचा अर्थ आकाशी निळा, दुसऱ्याचा गडद तांबडा.

३. पिवळ्या रंगाचा भ्रम

नुसत्या डोळ्यांनीं ज्वाला पाहणारास सर्वांत मोठा धोका मिठापासून आहे. सोडियमची ज्वाला इतकी प्रखर व परीक्षा इतकी सूक्ष्म कीं, एका मिलिग्रॅमच्या तीस लक्षाव्या भागाहूनही कमी सोडियम आपणांस ओळखतां येतें असें बुन्सेन व किर्खोफ यांनीं लिहून ठेविलें आहे. बोटाचा घाम तारेस लागला तरी ज्योत पिवळी होते, व त्या पिवळ्यांत पोटॅशियमचा जांभळा रंग पार बुडून जातो. म्हणून जांभळा रंग पाहावयाचा तर मध्यें कोबाल्टची निळी काच धरितात. ती पिवळा प्रकाश अडविते व जांभळा जाऊं देते.

आमचें कामण हें गांव वसईच्या पूर्वेस कामणदुर्गाच्या बाजूस आहे. एकीकडे डोंगर, तर दुसरीकडे खाडी व वसई-नायगांवकडील मिठागरें. अशा प्रदेशांत जमिनींतून निघालेलें नाणें घ्या, खापर घ्या, कीं भिंतीवरील चुन्याचा पापुद्रा घ्या. त्याची ज्वाला प्रथम पिवळीच दिसणार. त्यावरून त्यांत सोन्याचा अंश आहे असें कोणी अनुमान केलें, तर तें सोनें मिठागरांतील समजावें. रसार्णवांत सोन्याची प्रभा पिवळी सांगितली आहे, तिचा व या पिवळ्या ज्वालेचा कांहीं संबंध नाहीं, हें पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

४. श्लोकांचें वाचन

आतां मूळ श्लोकांकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, ग्रंथकार ताऱेवर घेतलेल्या चूर्णाची गोष्ट सांगत नाहीं. कोळशाच्या आगींत ठेविलेल्या मुशींतील धातु वितळत असतांना काय दिसतें, तें तो सांगतो. दुसरी गोष्ट शब्दांची. त्यानें सर्वत्र एकच शब्द वापरलेला नाहीं. सोन्यारुप्याच्या ठिकाणीं ‘प्रभा’ आहे, कथलाच्या ठिकाणीं ‘ज्वाला’ आहे, शिशाच्या ठिकाणीं ‘धूम’ आहे. लोखंडाच्या विशेषणांत पुन्हां ‘प्रभा’ शब्द येतो. छंदाच्या सोयीसाठीं हा भेद झाला असें म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु धातूंचे द्रवणांक पाहिले म्हणजे भेदास अर्थ आहे असें वाटूं लागतें.

कथील २३२ अंशांवर व शिसें ३२७ अंशांवर वितळतें. या उष्णतेस कोणताही पदार्थ स्वतः प्रकाशूं लागत नाहीं. अंधारांत अंधुक तांबूस दिसण्यासही सुमारें ५०० अंश उष्णता लागते. म्हणून वितळलेल्या कथलाची वा शिशाची प्रभा कोणास दिसणार? पुढें आग वाढवीत गेल्यास दिसेल ती ज्वाला किंवा धूर. शिसें फार तापलें म्हणजे त्याच्या भस्माचा धूर निघतो, हें शिशावर सोन्यारुप्याचें शोधन करणारास नित्य परिचयाचें होतें. म्हणून ‘मलिन धूम’ हें वर्णन अक्षरशः खरें आहे. उलट रुपें ९६२ अंशांवर व सोनें १०६४ अंशांवर वितळतें. त्या वेळीं मुशीतील रस तेजानें लखलखत असतो, व त्या तेजास ‘प्रभा’ हाच शब्द योग्य. तेव्हां सोन्याची पिवळी व रुप्याची पांढरी प्रभा ही वितळलेल्या रसाची झळाळी होय, ज्वालेचा रंग नव्हे, असें आम्हांस वाटतें. असें घेतल्यास आधुनिक परीक्षेंत सोन्यारुप्यास रंग नसणें व येथें रंग सांगितलेला असणें यांत विरोध राहत नाहीं.

तांब्याची ‘निळी’ ज्वाला ही या मालिकेंतील सर्वांत महत्त्वाची नोंद होय. कारण येथें खरोखरीच ज्वालावर्ण आहे. आधुनिक कोष्टकांत तांब्यापुढें बहुधा ‘हिरवा’ असें लिहिलेलें असतें, त्यामुळें ग्रंथकार चुकला असें कांहींजण म्हणतात. परंतु वर सांगितलें त्याप्रमाणें क्लोरीनचा संबंध आला कीं तांब्याची ज्वाला निळी होते, आणि रसशाळेंत धातूंबरोबर लवणें, क्षार व नवसागर यांचा उपयोग सर्रास होत असे. रसरत्नसमुच्चयांत नवसार हा साधारण रसांत गणिला आहे. आपल्याकडील कल्हईवालाही तांब्याचें भांडें तापवून त्यावर नवसागर टाकतो. प्रस्तुत लेखकानें उघड्या अंगणांत कोळशाच्या शेगडीवर तांब्याची तार लाल करून ती नवसागराच्या पुडींत बुडविली व पुन्हां निखाऱ्यावर धरिली; तेव्हां ज्वालेच्या आंतल्या भागास स्वच्छ निळा व कडेस हिरवा रंग आला. ज्यानें मुशीच्या तोंडाशीं डोळे लावून तांबें आटविलें, त्यानें ‘निळी’ असें लिहिल्यास तें प्रत्यक्षाला धरूनच आहे.

येथें एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. कोळसा अर्धवट जळतांना जो विषारी वायु निघतो, तोही निळ्या ज्वालेनेंच जळतो. रिकाम्या मुशीभोंवतींही ती निळी जीभ दिसते. म्हणून ‘निळी ज्वाला दिसली, सबब तांबें आहे’ असा उलटा निष्कर्ष या श्लोकावरून काढतां येणार नाहीं. ग्रंथकारही तसें म्हणत नाहीं. मुशींत तांबें आहे हें त्यास ठाऊकच आहे. तें केव्हां कसें दिसतें, एवढेंच तो सांगतो.

लोखंडाचे तीन प्रकार त्यानें वेगळे केले आहेत. तीक्ष्णाची काळी, आयसाची कपिल व कांताची धूम्रवर्ण. लोखंडास स्वतःचा ज्वालावर्ण नाहीं, आणि शुद्ध लोखंड १५३८ अंशांवर वितळतें. म्हणून येथें ठिणग्या, धूर व तापलेल्या कणांचें तेज यांचेंच वर्णन असावें. लोहाराच्या भात्यापुढें बसलेल्या कोणासही कपिल रंगाचें स्पष्टीकरण विचारावें लागणार नाहीं.

आतां वर सूचित केलेलें पाठाचें स्थळ. सस्यकाची ज्वाला ‘लोहिता’ म्हणजे तांबडी सांगितली आहे. सस्यक म्हणजे मोराच्या कंठासारख्या रंगाचें तुत्थ, आपला मोरचूद, असा परंपरागत अर्थ. मोरचुदांत तांबें असतें, व तांब्याची ज्वाला हिरवी अथवा निळी, तांबडी कधींच नव्हे. मग एखाद्या संपादकास मोह होईल कीं, ‘लोहिता’ हा लेखकप्रमाद असून मूळ पाठ ‘हरिता’ असावा. मोह अधिक बळावण्याचें कारण असें कीं, अनुष्टुभाच्या त्या चरणांत ‘हरिता’ हा शब्दही निर्दोष बसतो. छंद अडवीत नाहीं, रसायन अनुकूल आहे, अक्षरांचें साम्यही थोडेंबहुत आहे. तरीही हा पाठ बदलूं नये असें आमचें मत आहे.

त्याचें कारण ग्रंथपरंपरेंतच आहे. सस्यकाचें सत्त्व पाडिलें असतां तें इंद्रगोपासारखें होतें असें रसग्रंथ सांगतात. इंद्रगोप म्हणजे पहिल्या पावसांत दिसणारा मखमली तांबडा मृगाचा किडा. मोरचुदांतून निघणारें सत्त्व म्हणजे तांबेंच, व तें तांबडें. तेव्हां ‘लोहिता’ या शब्दानें सस्यकांतून मोकळ्या होणाऱ्या तांब्याच्या रसाचें तेज सांगितलें असण्याचा संभव आहे. ही उपपत्ति कोणास मान्य न झाली तरी तत्त्व तेंच राहतें. कठीण पाठ सोपा करण्यापूर्वीं तो कां कठीण आहे हें पाहावें. आणि आजच्या कोष्टकाशीं जुळतो एवढ्यावरून पाठ मूळचा ठरवूं नये. तसें केल्यास आपण ग्रंथकाराची साक्ष न घेतां आपलेंच उत्तर त्याच्या तोंडीं घालतों.

या श्लोकांनंतर लगेच शुद्ध धातूचें लक्षण दिलें आहे. मुशींत ठिणग्या उडत नाहींत, बुडबुडे येत नाहींत, पृष्ठावर रेषा उठत नाहींत, आवाज होत नाहीं, व रस रत्नासारखा निश्चल दिसतो, तेव्हां धातु शुद्ध झाला. ज्वालावर्णांचे श्लोक याच्याशीं जोडून वाचिले म्हणजे सर्व प्रकरणाचा हेतु कळतो. अनोळखी पदार्थांत कोणता धातु आहे हें शोधण्याची ही परीक्षा नाहीं. आटणी कोणत्या टप्प्यास आली हें ओळखण्याच्या, भट्टीजवळ उभ्या असलेल्या कारागिराच्या या खुणा आहेत.

५. जस्ताची ज्वाला

या मताला बळकटी देणारें दुसरें स्थळ रसरत्नसमुच्चयांत आहे. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलींत १८९० सालीं छापला गेला, त्यामुळें महाराष्ट्रांतील वाचकांस सुलभ आहे. खर्परापासून सत्त्व काढण्याचा विधि सांगतांना ग्रंथकार म्हणतो कीं, मुशीवरील ज्वाला निळ्याची पांढरी झाली म्हणजे सांडशीनें मूस धरावी, तिचें तोंड खालीं करावें, व नळी न मोडेल अशा बेतानें जमिनीवर हळू आपटावी. जें कथलासारखें सत्त्व पडतें तें घ्यावें. हें सत्त्व म्हणजे जस्त.

या रंगपालटाचें कारण आज पूर्ण कळतें. प्रथम जी निळी ज्वाला दिसते ती कोळशापासून झालेल्या वायूची. उष्णता पुरेशी चढली म्हणजे खर्परांतील जस्त मोकळें होतें. परंतु जस्त ९०७ अंशांवर उकळत असल्यामुळें तें वाफेच्या रूपानेंच बाहेर पडतें, आणि हवेस लागतांच प्रखर पांढुरक्या ज्वालेनें जळून त्याचें पांढरें भस्म होतें. म्हणजे निळी ज्वाला पांढरी होणें ही जस्त सुटूं लागल्याची वर्दी होय. उशीर केला तर सर्व जस्त जळून जाईल. उदेपुराजवळ जावर येथें जस्त गाळण्याच्या नळीदार मुशींचे अवशेष विपुल आहेत, व १९८० नंतरच्या दशकांत तेथें झालेल्या उत्खननांत भट्ट्याही उघड झाल्या. त्यावरून हा विधि कागदावरचा नव्हता हें सिद्ध आहे. ज्यांस रसग्रंथ कल्पनामय वाटतात त्यांनीं ज्वालेची ही एक ओळ वाचावी.

६. सूर्याची ज्वाला व विजयदुर्ग

ज्वालेच्या साक्षीचा अभिमानानें विपर्यास कसा होतो, याचें अलीकडील उदाहरण आपल्याच कोंकणांत आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा प्रकाश लोलकांतून पाहिला गेला. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन हा गुंतूर येथें होता. त्या प्रकाशांत एक पिवळी रेषा दिसली, व प्रथम पुष्कळांस ती मिठांतील सोडियमचीच वाटली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, ही नवी रेषा ५८७.६ च्या आसपास, अंतर एवढेंच. पिवळ्या रंगानें मिठागराच्या कांठीं जो भ्रम होतो, तोच सूर्याकडे पाहतांनाही झाला. ती रेषा सोडियमची नव्हे हें लॉक्यर यानें ठरविलें, व त्या अज्ञात द्रव्यास सूर्यावरून हेलियम असें नांव मिळालें. पृथ्वीवर तें रॅम्से यास १८९५ सालीं सांपडलें.

विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाच्या नांवानें ओटे दाखविण्यांत येतात, व लॉक्यर यानें १८६८ सालीं तेथूनच हेलियमचा शोध लावला असें सांगितलें जातें. हें खरें नाहीं. त्या वर्षीं लॉक्यर इंग्लंडांतच होता, व त्यानें २० ऑक्टोबर १८६८ रोजीं ग्रहण नसतांना सूर्यज्वालांच्या रेषा तेथूनच पाहिल्या. विजयदुर्गास तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं. त्याच ग्रहणाचें निरीक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथून केलें, व १९०२ सालीं त्याचा वृत्तांत छापला. तीस वर्षांच्या अंतराचीं दोन ग्रहणें लोकस्मृतींत एक झालीं. विजयदुर्गाचें महत्त्व कमी होण्याचें यांत कांहीं नाहीं. १८९८ चें निरीक्षण स्वतःच मोठें होतें. रसार्णवाच्या बाबतींतही असेंच आहे. त्यांतील नोंदी जेवढ्या आहेत तेवढ्याच मोलाच्या आहेत. त्यांस हायडेलबर्गची जागा देण्याची आवश्यकता नाहीं.

७. संग्राहकांस सूचना

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी. ज्वालापरीक्षा सोपी दिसते, म्हणून ती जुन्या वस्तूंवर करून पाहण्याची इच्छा अनेकांस होते. ती आवरावी.

पहिलें कारण असें कीं, ज्या प्रश्नांचीं उत्तरें आपणांस हवीं असतात, त्यांतील बहुतेकांस ज्वाला उत्तरच देत नाहीं. कामणपासून दूर नसलेल्या सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं बुरूड राजाचा कोट या नांवानें ओळखला जाणारा स्तूप उघडला. तेथें दगडी पेटींत तांब्याचा करंडक, त्यांत रुप्याचा, दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा असे एकांत एक करंडक, आणि भोंवतीं धातूच्या आठ बुद्धमूर्ति निघाल्या. या सर्व धातूंत ज्वाला फक्त तांबें ओळखील. मूर्ति निव्वळ तांब्याच्या कीं कथील मिसळलेल्या, हें ती सांगणार नाहीं. तसेंच मेणवलीस कृष्णाकांठीं टांगलेली, १७०७ साल कोरलेली घंटा. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतल्यावर ज्या फिरंगी घंटा देशावर गेल्या, त्यांपैकीं ही एक असून ती पंचधातूची म्हणून सांगतात. तिचा कीस काढून ज्वालेंत धरिला तर हिरवा रंग दिसेल. पांचांपैकीं चार धातु मौन धरतील, आणि घंटेस ओरखडा मात्र कायमचा राहील. ताम्रपटाचेंही तसेंच. तांबें खरें ठरलें म्हणून शासन खरें ठरत नाहीं. बनावट ताम्रपटही तांब्याचाच असतो.

दुसरें कारण जिवाशीं निगडित आहे. पोथ्यांतील रंगांत हरताळ व मनशीळ यांत सोमल, म्हणजे आर्सेनिक आहे. हिंगुळांत पारा आहे. शेंदरांत शिसें आहे. हे तापविल्यास निघणारा धूर विषारी असतो. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फांसण्याची चाल एवढी रूढ होती कीं तिची म्हण झाली; म्हणून साध्या पोथीच्या पानावरही सोमल असूं शकतो. हिरवा रंग दिसला म्हणजे तो तांब्यापासून केलेला जंगाल असेलच असें नाहीं. नीळ व हरताळ मिसळूनही हिरवा करीत. जंगालानें कागद जळल्यासारखा होऊन रेषेबरोबर फाटतो, ही खूण पुष्कळदां पुरेशी होते. केवळ निश्चयासाठीं रंगाचा कपचा दिव्यावर धरणें म्हणजे पोथी व परीक्षक दोघांसही अपाय करणें होय.

तिसरी गोष्ट ही कीं, आज याहून चांगला उपाय उपलब्ध आहे. वस्तूवर क्ष-किरण सोडले असतां प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक क्ष-किरणांनीं उत्तर देतें, व यंत्र तीं उत्तरें मोजून नोंदवितें. तत्त्व ज्वालेचेंच आहे. परमाणूस डिवचावें व तो कोणता प्रकाश टाकतो तें पाहावें. भेद इतकाच कीं, येथें वस्तु जळत नाहीं, आणि कथील, जस्त, रुपें, सोनें यांसही वाचा फुटते. मोठ्या संग्रहालयांत व संशोधनसंस्थांत हीं साधनें आहेत. आपली वस्तु तेथें नेऊन दाखवावी, घरीं तापवूं नये.

चौथी गोष्ट विनंतीरूप आहे. वैद्यांच्या जुन्या घराण्यांत रसग्रंथांच्या पोथ्या अद्याप आहेत, व त्यांत रसार्णवांतील श्लोक अनेकदां उद्धृत झालेले असतात. ज्यांच्या संग्रहीं अशी पोथी असेल त्यांनीं ज्वालावर्णाच्या श्लोकांतील सस्यक, तीक्ष्ण व कथील यांजपुढील शब्द जसे असतील तसे, अशुद्ध वाटले तरी न सुधारतां, उतरून या मंडळाकडे पाठवावे. लेखनकाल व लेखनस्थल दिलेलें असल्यास तेंही कळवावें. दहा-बारा पोथ्यांचे पाठ एकत्र आले म्हणजे ‘लोहिता’ हा पाठ किती जुना व किती दूरवर पसरलेला आहे हें ठरवितां येईल, व मगच त्याच्या अर्थाविषयीं अधिक निश्चयानें बोलतां येईल.

कामण (वसई)